यजमानांची रेल्वेतील नोकरी आणि हौशी रेडिओ : आठवणी लावून, लिहून ठेवण्याची रीत

रेल्वेत नोकरी आणि घरी हौशी रेडिओ, म्हणजे परवाना काढून छंद म्हणून वायरलेसवरून दूरच्या माणसांशी संपर्क साधणे, असा दुहेरी संसार केलेला माणूस गेला, की त्याच्या मागे कागदांचे दोन ढीग उरतात. एका ढिगात नेमणुकीचे पत्र, बदलीचे आदेश, वेतननिश्चितीचे तक्ते, पेन्शन पेमेंट ऑर्डर आणि खिशात मावणाऱ्या ड्युटीच्या डायऱ्या असतात. दुसऱ्यात वायरलेसचा परवाना, लॉगबुके, देशोदेशींहून आलेली क्यूएसएल कार्डे (संपर्क झाल्याच्या पावत्या) आणि हाताने काढलेल्या सर्किटांच्या आकृत्या. घरातली माणसे बहुधा पहिला ढीग पेन्शनच्या कामापुरता जपतात आणि दुसरा माळ्यावर टाकतात. माझे यजमान मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात सहायक स्टेशन मास्तर म्हणून लागले आणि स्टेशन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. रेडिओचा परवाना त्यांनी नोकरीत रुळल्यावर काढला. त्यांच्या मागे हे दोन्ही ढीग लावताना माझ्या ध्यानात आले, की ते वेगवेगळे ठेवले तर एकात नुसता नोकरदार आणि दुसऱ्यात नुसता छांदिष्ट दिसतो. एकाच तारखेचे दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवले, म्हणजे तो दिवस त्यांनी कसा घालवला हे कळू लागते. पुढे सांगितलेली रीत त्याच धोरणाने आखलेली आहे आणि ती माझ्यासारख्या स्त्रियांना, तसेच वडिलांचे काही लिहून ठेवू पाहणाऱ्या मुलांना उपयोगी पडावी.

आधी काय हाती घ्यावे

कागद टिकतात, माणसे थकतात. म्हणून सुरुवात कागदांपासून करू नये. यजमानांबरोबर काम केलेले स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, केबिनमन, गार्ड आणि रेडिओवरचे जुने स्नेही यांची एक यादी करावी, त्यात वयाने सर्वांत मोठे असलेले नाव पहिले लिहावे आणि त्याच क्रमाने भेटी घ्याव्यात. त्याच सुमारास घरातल्या ध्वनिफिती शोधाव्यात. पुष्कळ हौशी रेडिओचालक आपले संभाषण कॅसेटवर धरून ठेवत, आणि यजमानांचा आवाज कदाचित त्याच फितींवर उरलेला असतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते; अशी फीत टेपरेकॉर्डरमध्ये घालून वाजवून पाहू नये, ती ध्वनिमुद्रणाचे काम जाणणाऱ्याकडे द्यावी. चांगली दिसणारी फीतही एकदाच वाजवावी आणि त्याच वेळी ती संगणकावर उतरवून घ्यावी.

भेटीला जाताना प्रश्न नेमके असावेत. "ते कसे होते?" असे विचारले की "देवमाणूस होते हो" एवढेच उत्तर येते, आणि ते खरे असले तरी लिहिण्याच्या कामाचे नसते. त्याऐवजी अमुक स्टेशनात कोणत्या प्रकारचे ब्लॉक इन्स्ट्रुमेंट (शेजारच्या स्टेशनाशी गाडीची परवानगी ठरवण्याचे यंत्र) होते, एकेरी मार्गावर टोकनचा गोळा, म्हणजे पुढे जाण्याच्या परवानगीची खूण, ड्रायव्हरच्या हाती कोण देत असे, रात्री कंट्रोलरशी कशावरून वाद होई, पावसात कोणत्या पुलाजवळ कॉशन (गाडी हळू नेण्याची सूचना) लागे, रजेवर कोण बदली यायचे, डबा कोणाच्या घरून यायचा, असे विचारावे. रेल्वेच्या माणसाला गाडीचा नंबर आणि स्टेशनचे नाव दिले, की तीस वर्षांपूर्वीची रात्रही आठवते. रेडिओच्या स्नेह्यांना बँड (रेडिओलहरींचा पट्टा), ॲन्टेना आणि सेट यांविषयी विचारावे. ते प्रश्न आपल्याला पुरते समजले नाहीत तरी चालते, उत्तर देणाऱ्याला समजतात. आमच्याकडे एका निवृत्त पॉइंट्समनने जे सांगितले ते कोणत्याच कागदात नव्हते : रात्रपाळीत दोन गाड्यांच्या मध्ये वेळ मिळाला, की यजमान टेबलावर पेन्सिलीने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची भाषा, वाजवत बसत आणि केबिनमधून परत आलेल्या याला ओळखायला लावत, "सांग, काय म्हणालो?" त्या पॉइंट्समनला आपले नाव अजून मोर्समध्ये वाजवता येते. बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, पण आधी परवानगी विचारावी. काही मंडळी यंत्र समोर दिसले की सरकारी जबाब दिल्यासारखी बोलू लागतात, तेव्हा ते खुशाल खिशात ठेवून घरी आल्यावर लगेच टिपण काढावे.

सेटविषयी दक्षता

रेडिओची खोली, जिला ही मंडळी 'शॅक' म्हणतात, ती आहे तशी ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत : कोणती तार कोठे जोडली आहे, मोर्सची की (संदेश ठोकण्याची कळ) टेबलाच्या कोणत्या बाजूला आहे, भिंतीवर कोणती कार्डे लावली आहेत. पुढे ही मांडणी कोणालाही आठवून सांगता येत नाही. छायाचित्रे झाल्यावर सर्व प्लगे काढावीत, पण सेट उघडू नयेत. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भारलेले राहू शकतात आणि त्यांचा धक्का जिवावर बेतू शकतो. गच्चीवरचा खांब आणि तारा उतरवण्याचे काम अनुभवी रेडिओचालकाच्या देखरेखीखाली, विजेच्या तारांपासूनचे अंतर पाहून आणि शक्य तर पावसाळ्यापूर्वी करावे. शिशाच्या बॅटऱ्या घरात साठवू नयेत.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. आपल्या देशात ध्वनिक्षेपण करू शकणारा वायरलेस सेट नुसता बाळगण्यासाठीसुद्धा परवाना लागतो, आणि हौशी रेडिओचा परवाना व्यक्तीच्या नावे असल्याने तो पत्नीकडे किंवा मुलांकडे वारसाने येत नाही. म्हणून दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस परवाने देणाऱ्या) शाखेला मृत्यूच्या दाखल्याच्या प्रतीसह पत्राने कळवावे आणि सेट परवानाधारक रेडिओचालकाच्या स्वाधीन करावा. देताना सेटचे नाव, त्यावरचा क्रमांक, घेणाऱ्याचे कॉल साइन (परवान्यासोबत मिळणारे रेडिओवरचे सांकेतिक नाव) आणि तारीख असलेली पावती दोघांच्या सहीने करून ठेवावी. भंगारवाल्याला सेट देण्याचा मोह टाळावा. हौशी रेडिओच्या मंडळींत किंमत सांगायला संकोच करणारे पुष्कळ भेटतात, तेव्हा दोन वेगवेगळ्या जाणकारांकडून अंदाज घेणे बरे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सुट्या भागांतून घरी बनवलेला सेट असेल, तर बाजारात त्याला फारसे मोल येत नाही. तो जपण्यालायक वस्तूंत धरावा. हैदराबादचे अशर फरहान यांनी आखलेला बिटएक्स हा साधा सेट आपल्याकडे अनेकांनी स्वतः जोडला, तो घरी निघाला तर आत कोणत्या हस्ताक्षरात काय चिकटवले आहे तेही जाणकाराकडून पाहून घ्यावे. मोर्सची की, हेडफोन आणि मायक्रोफोन यांनी ध्वनिक्षेपण होत नाही, ती निःशंक घरी राहू द्यावीत.

रेल्वेच्या वस्तूंबाबत उलट्या प्रकारची काळजी घ्यावी लागते. गणवेश, नावाची पट्टी, निवृत्तीच्या वेळी मिळालेले मानपत्र आणि भेटवस्तू आपल्या आहेत. मात्र हातदिवा, टोकनचा गोळा, इन्स्ट्रुमेंटचा एखादा भाग किंवा स्टेशनचे रजिस्टर घरात निघाले, तर ती रेल्वेची मालमत्ता ठरते आणि ती बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. लिलावात घेतल्याची पावती असेल तर प्रश्न नाही. नसेल तर छायाचित्र काढून वस्तू स्टेशनात किंवा विभागीय कार्यालयात लेखी पोच घेऊन परत करावी.

रेल्वेचे कागद कसे वाचावेत

नोकरीचा कणा म्हणजे सर्व्हिस शीट. तिची प्रत घरी नसेल तर विभागीय कार्यालयाच्या कार्मिक शाखेकडे, म्हणजे आपण ज्याला पर्सनल ब्रँच म्हणतो तिच्याकडे, पेन्शन पेमेंट ऑर्डरचा क्रमांक, यजमानांचे पद आणि निवृत्तीची तारीख देऊन अर्ज करावा. अर्जावर कुटुंब निवृत्तिवेतनधारक म्हणून आपले नाव स्पष्ट लिहावे. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर घरच्या कागदांवरून काम चालू ठेवता येते.

सर्व्हिस शीटमध्ये पगाराचे आकडे मध्येच उडी मारतात, त्याचे कारण बहुतेक वेळा वेतन आयोग असते. तिसऱ्या आयोगाची वेतनश्रेणी १ जानेवारी १९७३ पासून, चौथ्याची १९८६ पासून, पाचव्याची १९९६ पासून आणि सहाव्याची २००६ पासून लागू झाली, तेव्हा या तारखांजवळची वाढ बढतीची समजू नये. बढती ओळखायची तर पदनाम बदलले आहे का ते पाहावे. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेला आणि २७ मेपर्यंत चाललेला देशव्यापी रेल्वे संप हा त्या पिढीच्या नोकरीतला मोठा प्रसंग होता. त्या महिन्यात सेवाखंडाची नोंद दिसली आणि पुढे ती रद्द झाल्याची दुसरी नोंद सापडली, तर गोंधळून जाऊ नये. संपकऱ्यांवरील कारवाया १९७७ नंतर मोठ्या प्रमाणावर मागे घेतल्या गेल्या. यजमान संपात होते की कामावर, हे मात्र कागदावरून ठरवू नये, सहकाऱ्यांना विचारावे, आणि उत्तर आपल्याला आवडो न आवडो, तसेच लिहावे. निवृत्तीचे वय १९९८ मध्ये ५८ वरून ६० झाले, त्यामुळे त्या सुमारास निवृत्तीस आलेल्यांच्या कागदांत आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन तारखा असू शकतात.

डायऱ्यांतले संक्षेप सुरुवातीला परके वाटतात, पण ते थोडेच असतात आणि पुन्हा पुन्हा येतात. 'आरजी' म्हणजे दुसऱ्याच्या विश्रांतीच्या दिवशी त्याच्या जागी काम करणारा रेस्ट गिव्हर. 'एलसी' म्हणजे लाइन क्लिअर, पुढच्या स्टेशनाने गाडी पाठवायला दिलेली परवानगी. 'टीआय' म्हणजे वाहतूक निरीक्षक. 'पीएमई' म्हणजे ठरावीक मुदतीने होणारी वैद्यकीय तपासणी, जिच्यात स्टेशन मास्तरांची नजर आणि रंग ओळखण्याची क्षमता कसून पाहिली जाते. 'झेडटीएस' असे दिसले तर ते भुसावळच्या प्रशिक्षण केंद्रातले उजळणीचे दिवस समजावेत. मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईहून निघालेली डाऊन, हे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे सूत्र ध्यानात ठेवले, की निम्म्या नोंदींचा अर्थ लागतो. गाड्यांचे क्रमांक मात्र काळानुसार बदलले. १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेली गीतांजली एक्सप्रेस आधी ५९ आणि ६० होती, चार आकडी पद्धत आल्यावर ती २८५९ आणि २८६० झाली आणि २०१० च्या डिसेंबरापासून १२८५९ आणि १२८६०. म्हणून डायरीत "५९ लेट" असे लिहिलेले असेल तर आजच्या वेळापत्रकात ती गाडी शोधून उपयोग नाही. त्या वर्षाचे छापील वेळापत्रक जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा एखाद्या रेल्वेप्रेमीकडे मिळाले तर मिळवावे.

रेडिओचे कागद

परवान्यापासून सुरुवात करावी. भारतातील हौशी रेडिओ १९७८ च्या नियमांनुसार चालत आला आहे. परवान्यावर श्रेणी, कॉल साइन आणि रेडिओ स्टेशनचा, म्हणजे सेट जिथे आहे तिथला, पत्ता असतो. कॉल साइनची सुरुवात व्हीयू२ किंवा व्हीयू३ अशी असते आणि पुढची अक्षरे त्या व्यक्तीची. परवान्यात पत्ता महत्त्वाचा, कारण राहण्याचे ठिकाण बदलले की ते डब्ल्यूपीसीला कळवून परवान्यावर नोंदवून घ्यावे लागे. रेल्वेच्या माणसाची बदली झाली की त्याच्या परवान्यावरही एक नोंद वाढते. बदलीच्या आदेशाची तारीख आणि परवान्यावरच्या पत्त्याची तारीख शेजारी लिहिली, की मधले अंतर दिसते, आणि ते अंतर बोलके असते. आमच्याकडे एका बदलीनंतर बराच काळ पत्ता बदललेला नव्हता, तेव्हा उलगडले की त्या छोट्या स्टेशनात क्वार्टर मिळेपर्यंत यजमान विश्रांतीगृहात राहत होते आणि ॲन्टेना लावायला जागाच नव्हती.

लॉगबुक म्हणजे प्रत्येक संपर्काची नोंदवही : तारीख, वेळ, बँड, पद्धत, समोरच्याचे कॉल साइन, दिलेला आणि घेतलेला रिपोर्ट, शेरा. रिपोर्टमध्ये ५७९ असे असेल तर पहिला आकडा बोलणे किती स्पष्ट समजले ते सांगतो, दुसरा संदेशाचा जोर आणि तिसरा, जो फक्त मोर्समध्ये असतो, स्वराची शुद्धता. शेऱ्यात 'क्यू'ने सुरू होणारी अक्षरे दिसतील : क्यूआरएम म्हणजे माणसाने निर्माण केलेला व्यत्यय, क्यूआरएन म्हणजे आभाळातली खरखर, क्यूएसबी म्हणजे आवाज कमीजास्त होणे, क्यूआरटी म्हणजे सेट बंद केला. विजेवरच्या मार्गालगत राहणाऱ्या रेडिओचालकाच्या शेऱ्यांत क्यूआरएम फार असतो, कारण वरच्या तारेवर आणि तिला टेकणाऱ्या इंजिनावरच्या पेंटोग्राफवर उडणाऱ्या ठिणग्या रेडिओत ऐकू येतात. आमच्या एका लॉगबुकात "क्यूआरएम, माल लूपला" अशी नोंद आहे, म्हणजे क्वार्टरमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेल्या माणसाला बाहेर मालगाडी लूप लाइनीला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतल्याचे कळत होते आणि ते त्याने वायरलेसच्या वहीत लिहून ठेवले. अशा नोंदी वेगळ्या उतरवून घ्याव्यात.

आता सर्वांत महत्त्वाची बाब, वेळेची. हौशी रेडिओची लॉगबुके जागतिक वेळेनुसार, म्हणजे पूर्वी ज्याला ग्रीनिच वेळ म्हणत आणि आता यूटीसी म्हणतात तीनुसार लिहिली जातात. ड्युटीच्या डायऱ्या भारतीय वेळेनुसार. लॉगमधल्या वेळेत साडेपाच तास मिळवल्याशिवाय दोन्हींची सांगड बसत नाही, आणि पुष्कळदा तारीखही बदलते. उदाहरणादाखल समजा, लॉगमध्ये १४ जानेवारी १९८३, वेळ २०१५, बँड ७ मेगाहर्ट्झ, मोर्स, चेकोस्लोव्हाकियाचे एक रेडिओ स्टेशन, असे आहे. साडेपाच तास मिळवले की १५ जानेवारीच्या पहाटेचे पावणेदोन होतात. डायरीत १४ तारखेपुढे "१६ ते २४" अशी पाळी असेल तर अर्थ असा, की संक्रांतीच्या संध्याकाळी घरी तिळगूळ वाटला जात असताना यजमान ड्युटीवर होते, मध्यरात्री चार्ज देऊन घरी आले, जेवले आणि झोपण्याऐवजी सेटवर बसले. केवळ लॉग वाचणाऱ्याला वाटले असते की ते सणाच्या रात्री आठ-सव्वाआठला घरात रेडिओ लावून बसले होते. वहीच्या एका पानाचे तीन उभे रकाने करावेत, डावीकडे डायरी, मध्ये तारीख, उजवीकडे भारतीय वेळेत बदललेला लॉग, आणि एखादे वर्ष असे भरून पाहावे. सगळी वर्षे भरण्याची गरज नसते. कोणत्या पाळीनंतर ते रेडिओवर बसत, कोणत्या महिन्यांत मुळीच बसत नसत, बदलीनंतर किती दिवसांनी पहिला संपर्क होई, हे एका वर्षातूनही कळते.

काही तारखा मात्र आवर्जून पाहाव्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा आणि २६ जानेवारी २००१ च्या गुजरातच्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाला मदत केली होती. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, त्या वेळी योगायोगाने भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात हौशी रेडिओच्या मोहिमेवरच होते आणि त्यांच्या सेटवरून निरोप बाहेर गेले. यजमानांनी त्या दिवसांत एखादा निरोप पुढे पोहोचवला असेल तर ती नोंद लॉगमध्ये सापडते, घरी ते कदाचित बोललेही नसतील. त्याच तारखांना त्यांची ड्युटी काय होती तेही पाहावे. आपत्तीच्या दिवसांत रेल्वेत रजा मिळणे अवघड असते, आणि लॉग रिकामा असेल तर त्याचे कारण डायरीत असते.

क्यूएसएल कार्डे ही संपर्क झाल्याची छापील पावती. ती देशांप्रमाणे लावण्याची सर्वांना हौस असते, आणि भिंतीवर लावायला ते ठीकही आहे, परंतु आठवणींच्या कामासाठी तारखेप्रमाणे लावावीत, म्हणजे ती लॉगशी जुळतात. कार्डाच्या मागच्या बाजूला हाताने लिहिलेला मजकूर असेल तर दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. समोरचा माणूसही रेल्वेतला निघाला, असे थोड्या का होईना कार्डांवर आढळते. तो निव्वळ योगायोग नव्हे : तारायंत्राचे शिक्षण घेतलेली माणसे मोर्सकडे सहज वळत, आपल्याकडेही जुन्या काळी स्टेशनात तारायंत्र असे, आणि युरोपात तर रेल्वे कर्मचारी असलेल्या हौशी रेडिओचालकांची फिराक नावाची आंतरराष्ट्रीय संघटनाच आहे. अशी कार्डे निराळी काढून ठेवावीत. त्यांतल्या एखाद्याला पत्र पाठवले तर उत्तर येण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक.

कागद टिकवण्याविषयी थोडक्यात. लॅमिनेशन करू नये आणि सेलोटेप लावू नये, दोन्हींमुळे कागद कायमचा बिघडतो. रबरबँड आणि गंजणाऱ्या टाचण्या काढाव्यात. लॉगची पाने ३०० आणि छायाचित्रे ६०० डीपीआयवर स्कॅन करावीत, दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. फॅक्स किंवा यंत्राच्या गुळगुळीत पावत्यांवरचा मजकूर उडत जातो, त्यांची आधी प्रत काढावी.

स्नेह्यांना कळवणे

हौशी रेडिओत दिवंगत झालेल्याला 'सायलेंट की' म्हणतात आणि त्याच्या कॉल साइनपुढे एसके लिहितात. ज्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर जमणाऱ्या मंडळींत, यजमान रोज सकाळी हजेरी लावत, तिथल्या एखाद्या स्नेह्याला सांगितले की तो बातमी पुढे नेतो. भारतातील हौशी रेडिओचालकांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया, हिलाही कळवावे. तिच्या क्यूएसएल ब्युरोमार्फत कार्डे मागाहून येत राहू शकतात. क्यूआरझेडसारख्या जागतिक नोंदवहीतील त्यांच्या पानावर निधनाची नोंद करून घ्यावी, नाहीतर कोणी तरी परदेशातून कार्डाची वाट पाहत राहतो. उत्तर द्यायचे राहून गेलेली कार्डे टेबलावर असतील, तर लॉग पाहून ती एखाद्या स्नेह्याकरवी भरून पाठवावीत. मी तसे केले आणि प्रत्येक कार्डावर एक ओळ लिहवून घेतली, की हे कार्ड त्यांच्या घरच्यांनी पाठवले आहे.

स्मरणार्थ काही करावयाचे असल्यास वाढदिवसाच्या दिवशी त्यांचे मित्र आपापल्या कॉल साइनवरून, त्यांचीच मोर्सची की वापरून, काही तास रेडिओ स्टेशन चालवू शकतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर महिन्यात जुन्या रेल्वेमार्गांच्या स्टेशनांतून हौशी रेडिओ चालवण्याचा उपक्रम दरवर्षी होतो, त्याच धर्तीवर हे करता येते. विशेष कॉल साइन हवे असेल तर क्लबमार्फत डब्ल्यूपीसीची परवानगी लागते आणि रेल्वेच्या आवारात कार्यक्रम करायचा तर रेल्वेचीही; दोन्ही अर्ज बरेच आधी करावेत. नातवंडांपैकी कोणाला खरोखर गोडी असेल तर वयाची बारा वर्षे झाल्यावर परवान्याची परीक्षा देता येते. आजोबांच्या आठवणीखातर कोणाला त्यात ढकलू मात्र नये.

लिहायला बसताना

आता पुस्तिका. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती असा क्रम सोडून द्यावा आणि स्टेशनवार प्रकरणे करावीत, कारण रेल्वेच्या संसारात "नांदगावला असताना", "पाचोऱ्याला असताना" असेच काळ मोजले जातात. प्रत्येक स्टेशनासाठी तिथल्या नोकरीचे स्वरूप, क्वार्टर, शेजार, ॲन्टेना कशी आणि कोठून कोठे बांधली होती, तिथून झालेला पहिला आणि शेवटचा संपर्क, आणि त्या काळातली एक सविस्तर रात्र किंवा दिवस, इतके असले तरी पुरे. ज्या स्टेशनाविषयी साहित्य भरपूर असेल ते प्रकरण वीस पानांचे होऊ द्यावे, जिथे काही सापडले नाही तिथे चार ओळी लिहून पुढे जावे. सगळी प्रकरणे सारखी करण्याच्या नादात खोटी भर पडते.

आपल्या स्वतःच्या आठवणी पत्नीने संकोच न करता लिहाव्यात. रात्रपाळीच्या दिवशी मुलांना दुपारी आवाज न करता खेळवणे, शिट्टीवरून गाडी ओळखायला शिकणे, रविवारी सकाळी सगळी वसाहत दूरदर्शनपुढे बसलेली असताना पडद्यावर आडव्या रेघा आल्या की शेजाऱ्यांचे आपल्याच दाराकडे वळलेले डोळे, कडुनिंबाला बांधलेल्या तारेवर कपडे वाळत घालायला निघालेली नवीन मोलकरीण, हे लॉगमध्ये किंवा सर्व्हिस शीटमध्ये कधीच नसते. संतापाचे प्रसंगही असू द्यावेत. पगाराचे पैसे व्हॉल्व्हवर खर्च झाले म्हणून झालेले भांडण गाळून टाकले, तर पुस्तिकेतला माणूस घरच्यांनाच ओळखू येत नाही.

तांत्रिक मजकूर आपण समजून घेण्याचा प्रयत्न करावा, पण तो छापण्यापूर्वी दोघांना दाखवावा : रेल्वेचा भाग एका जुन्या स्टेशन मास्तरांना आणि रेडिओचा भाग एका परवानाधारकाला. ब्लॉक इन्स्ट्रुमेंटची घंटा किती वेळा वाजते यावर निवृत्त स्टेशन मास्तर आपापसांत हिरिरीने वाद घालतात, तो वाद आपल्या पुस्तिकेत नको. ऐकीव गोष्टीपुढे कोणी सांगितली ते लिहावे, कागदावरच्या गोष्टीपुढे कोणता कागद ते लिहावे.

मूळ क्यूएसएल कार्डे सांभाळणे घरच्यांना शक्य नसेल, तर व्हिएन्नातील डोकुफुंक हे रेडिओविषयक संग्रहालय जगभरातून अशा दिवंगतांची कार्डे स्वीकारते. पाठवण्यापूर्वी त्यांना पत्राने विचारावे आणि टपालखर्चाचा अंदाज घ्यावा, कारण कार्डांचे वजन फार भरते. पेन्शनशी संबंधित मूळ कागद, परवाना, लॉगबुके आणि डायऱ्या मात्र घरीच, एकाच पेटीत ठेवाव्यात, वेगळ्या पेट्या करू नयेत. पुस्तिकेच्या छापील प्रती पहिल्या खेपेस थोड्याच काढाव्यात, समास रुंद ठेवावा आणि शेवटी काही कोरी पाने बांधून घ्यावीत. त्या प्रती आधी सहकाऱ्यांना आणि रेडिओच्या स्नेह्यांना द्याव्यात व चुका, राहिलेली नावे आणि आठवलेल्या गोष्टी त्यांच्याच हाताने त्यात लिहून प्रत परत पाठवण्याची विनंती करावी. परत पाठवण्यासाठी पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत दिले, तर बहुतेकजण पाठवतात. नातेवाइकांसाठीची आवृत्ती त्यानंतर छापावी.